व्हिडिओ पायरसी ते संकेतस्थळबंदी : महाराष्ट्राच्या अनुभवातून इंटरनेटवरील स्वामित्वहक्क कायद्यांचा विचार

बीजशब्द : स्वामित्वहक्क, पायरसी, टोरंट, एम.पी.डी.ए., जॉन डो आदेश, संकेतस्थळबंदी, चित्रपट व्यवसाय

प्रस्तावना :

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी वसलेल्या बेलापूर व परिसरातील वाचकांना 'एम.पी.डी.ए.' ही अक्षरे अपरिचित नाहीत. नदीपात्रातील बेकायदा वाळूउपशाच्या बातम्यांतून ती वर्तमानपत्रांत अधूनमधून येत असतात. या कायद्याचे अधिकृत नाव मात्र फार थोड्यांनी शेवटपर्यंत वाचलेले असते; आणि ते एका दमात वाचून होणारेही नाही. 'महाराष्ट्र झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, दृकश्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती (व्हिडिओ पायरेट्स), वाळू तस्कर व अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्या व्यक्ती यांच्या विघातक कृत्यांना आळा घालण्याबाबत अधिनियम, १९८१' असे ते नाव आहे. चित्रपटाची अनधिकृत प्रत काढणारा वा विकणारा मनुष्य हातभट्टीवाल्याच्या पंक्तीत येऊन बसला तो २००९ साली. वाळू तस्कर त्यानंतर, २०१५ मध्ये आले.

२००९ च्या आसपासचा काळ तालुक्याच्या बाजारपेठांतून सी.डी.च्या दुकानांचा, आणि लगेच पुढे मोबाईलच्या मेमरी कार्डात गाणी व चित्रपट भरून देणाऱ्या टपऱ्यांचा होता. कार्ड भरून घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काही अपराध करीत आहोत असे वाटत नसे, आणि टपरीवाल्यालाही तो रिचार्जसारखाच एक जोडधंदा वाटे. कायद्याच्या भाषेत मात्र हा टपरीवाला 'व्हिडिओ पायरेट' ठरू शकत होता. पुढे स्वस्त इंटरनेट आले, टपरीचे काम संपले, आणि कायद्याचे लक्ष माणसाकडून संकेतस्थळाकडे वळले. या स्थित्यंतरात कोणाच्या हक्काचे संरक्षण झाले, कोणावर बंधने आली आणि बंधन घालण्यापूर्वी खातरजमा करण्याची जबाबदारी कोणावर राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थानबद्धतेचा मार्ग :

भारतात स्वामित्वहक्काचे उल्लंघन हा १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाखाली गुन्हा आहे. कलम ६३ नुसार त्यासाठी किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. उल्लंघन व्यापारी लाभासाठी केलेले नसेल तर किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायालयाला आहे. शिक्षेचे हे रूप मुख्यतः १९८४ च्या दुरुस्तीने आले, आणि ती दुरुस्ती घरोघर आलेल्या व्हिडिओ कॅसेटच्या धास्तीतून झाली होती. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे किंवा कसे याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद होते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी 'निट प्रो इंटरनॅशनल' प्रकरणात तो दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे ठरविले.

म्हणजे शिक्षेची तरतूद सौम्य होती असे नाही. तरीही तमिळनाडूने २००४ मध्ये आपल्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओ पायरसीचा समावेश केला आणि पाच वर्षांनी महाराष्ट्राने तोच मार्ग धरला. स्थानबद्धता ही शिक्षा नव्हे. गुन्हा सिद्ध होण्याची तिला आवश्यकता नसते. राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला जिल्हादंडाधिकारी अथवा पोलीस आयुक्त यांचे समाधान झाले की आदेश निघतो. सल्लागार मंडळाचे मत अनुकूल पडल्यास माणसाला जास्तीत जास्त बारा महिने अडकवून ठेवता येते, आणि त्या मंडळापुढे वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्क त्याला नसतो.

येथे दोन विसंगती नोंदविण्यासारख्या आहेत. पहिली नावातीलच आहे. अधिनियमाच्या मराठी नावात 'विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती' असा उल्लेख आहे. पण 'व्हिडिओ पायरेट' या संज्ञेची व्याख्या चित्रपटाच्या किंवा त्याच्या ध्वनिमुद्रिकेच्या स्वामित्वहक्क-उल्लंघनाचा गुन्हा करणारा, तो करण्याचा प्रयत्न करणारा किंवा त्यास साहाय्य करणारा अशी कितीतरी व्यापक आहे. प्रत काढणे, विकणे, भाड्याने देणे हे सारे तीत येते. नाव वाचून कायदा समजला असे मानणारा सामान्य नागरिक त्यामुळे फसतो.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. या कायद्याचा आधार 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा आहे. राम मनोहर लोहिया विरुद्ध बिहार राज्य या गाजलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कायदा व सुव्यवस्था, सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षितता ही तीन एकात एक सामावलेली वर्तुळे आहेत असे स्पष्ट केले होते. सर्वांत बाहेरच्या वर्तुळातील प्रत्येक कृत्य आतल्या वर्तुळाला धक्का देतेच असे नाही. बाजारात बसून नकली सी.डी. विकणाऱ्यामुळे निर्मात्याचे नुकसान होते हे निर्विवाद. पण त्यामुळे गावाची घडी विस्कटते असे म्हणणे कठीण आहे. खासगी मालमत्तेच्या हक्काचे रक्षण करण्यासाठी सार्वजनिक सुव्यवस्थेची भाषा वापरली गेली, हे या दुरुस्तीचे खरे स्वरूप होय.

साधन कोणाचे आणि तक्रार कोणाची :

पायरसीच्या चर्चेत माध्यमसमूह हे नेहमी पीडित म्हणून समोर येतात. इतिहास पाहिला तर चित्र इतके सरळ नाही. १९७६ मध्ये युनिव्हर्सल व डिस्ने या अमेरिकन चित्रपटसंस्थांनी सोनी कंपनीवर दावा लावला. सोनीच्या बीटामॅक्स यंत्रावर दूरदर्शनसंचावरील कार्यक्रम घरी मुद्रित करता येत होते, म्हणून ते यंत्र विकणे हेच उल्लंघनाला साहाय्य आहे असा त्यांचा युक्तिवाद होता. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. ज्या साधनाचा लक्षणीय असा वैध उपयोग आहे ते विकणाऱ्याला ग्राहकांच्या उल्लंघनासाठी जबाबदार धरता येणार नाही, हे त्या निकालाचे सूत्र. पुढे १९८९ मध्ये याच सोनीने कोलंबिया पिक्चर्स विकत घेतली आणि साधन बनविणारी कंपनी स्वतःच चित्रपटांची मालक झाली. ज्या व्हिडिओ कॅसेटमुळे आपला व्यवसाय बुडेल असे चित्रपटसंस्था म्हणत होत्या, तिच्या विक्रीतून व भाड्यातून त्यांनीच पुढे मोठे उत्पन्न मिळविले, हेही विसरता येत नाही.

इंटरनेटच्या काळात हाच प्रकार अधिक उघडपणे दिसला. लाइमवायर या फाइल-देवाणघेवाणीच्या सॉफ्टवेअरविरुद्ध ध्वनिमुद्रण कंपन्यांनी न्यायालयीन लढा दिला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये ते बंद पडले. पण हे सॉफ्टवेअर लोक जेथून उतरवून घेत होते त्या संकेतस्थळांपैकी एक प्रमुख संकेतस्थळ सीनेट या कंपनीचे होते, आणि २००८ पासून सीनेटची मालकी सीबीएस या माध्यमसमूहाकडे होती. याच कारणावरून २०११ मध्ये काही कलावंतांनी सीबीएसच्या कंपनीवर अमेरिकेत दावा दाखल केला. साधन पुरविणारा आणि साधनाविरुद्ध कठोर कायदा मागणारा उद्योग यांच्यातील भिंत किती पातळ आहे, हे दर्शविण्यापुरता हा उल्लेख पुरेसा आहे.

भारतातही याचे प्रतिबिंब आहे. सुपर कॅसेट्स अर्थात टी-सिरीज ही कंपनी १९८० च्या दशकात वाढली ती स्वस्त कॅसेटच्या बळावर, आणि जुनी गाणी नव्या आवाजात मुद्रित करून विकणे हा त्या व्यवसायाचा मोठा भाग होता. मूळ हक्कधारक कंपन्यांशी त्यावरून खटले झाले. परंतु तत्कालीन कलम ५२(१)(जे) मध्ये अशा पुनर्मुद्रणाला वाट होती. हीच कंपनी पुढे मायस्पेस या संकेतस्थळाविरुद्ध वादी म्हणून उभी राहिली. २३ डिसेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने त्या दाव्यात असे ठरविले की विशिष्ट कलाकृतीविषयी प्रत्यक्ष माहिती दिल्याशिवाय मध्यस्थ संकेतस्थळाला दोषी धरता येत नाही. येथे कोणा एका कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. नव्या तंत्राने जो वर येतो तो स्थिरावल्यावर त्यापुढच्या तंत्राला रोखू पाहतो, एवढेच हा इतिहास दाखवितो.

टोरंट कसे चालते :

संकेतस्थळबंदीचे आदेश समजण्यासाठी तंत्राची थोडी ओळख आवश्यक आहे. सर्वसामान्य संकेतस्थळावर फाइल एका संगणकावर साठविलेली असते; तो संगणक बंद केला की फाइल मिळेनाशी होते. ब्रॅम कोहेन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने २००१ मध्ये मांडलेल्या बिटटोरंट पद्धतीत तसे नसते. तीत फाइलचे लहान लहान तुकडे केले जातात आणि प्रत्येक तुकड्याला गणिती ठसा दिला जातो. फाइल घेणारा प्रत्येक जण आपल्याजवळ आलेले तुकडे त्याच वेळी इतरांना देऊ लागतो. गावजेवणात वाढायला घेतलेली माणसेच जेवणारीही असावीत, तसा हा प्रकार आहे. पंगत जितकी मोठी तितके वाढपी अधिक. टोरंटचे संकेतस्थळ स्वतःजवळ चित्रपट ठेवत नाही. कोणत्या ठशाची फाइल शोधायची याची चिठ्ठी तेवढी ते देते. ती चिठ्ठी काही अक्षरांची असल्याने एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर नेणे क्षणाचे काम असते. एक संकेतस्थळ बंद केले तर दुसऱ्या दिवशी त्याच नावात एखादा आकडा वाढवून ते पुन्हा उभे राहते, त्याचे कारण हे आहे. हेच तंत्र मुक्त सॉफ्टवेअरच्या मोठ्या फाइली वैधपणे वाटण्यासाठीही वापरले जाते, ही गोष्ट न्यायालयीन चर्चेत बहुधा मागे पडते.

मुळात प्रत बाहेर कोठून पडते हा प्रश्न वेगळाच आहे. जून २०१६ मध्ये 'उडता पंजाब' प्रदर्शनापूर्वीच इंटरनेटवर आला तेव्हा त्या प्रतीवर ती परिनिरीक्षणासाठी असल्याचे शब्द होते. ऑगस्ट २०१७ मध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेचा एक भाग प्रसारणापूर्वी फुटला आणि त्याप्रकरणी मुंबईत चौघांना अटक झाली. तो व्यवसायाच्या साखळीतूनच बाहेर गेल्याचा आरोप होता. वाहून नेणारे तंत्र बाहेरचे असले तरी फूट पुष्कळदा घरातूनच पडते.

'सिंघम', 'सोपा' आणि मद्रासचा आदेश :

भारतातील संकेतस्थळबंदीची चर्चा ज्या चित्रपटापासून सुरू करावी लागते तो गोव्याच्या पार्श्वभूमीवरील, मराठी नायकाचा हिंदी चित्रपट होता. 'सिंघम' २२ जुलै २०११ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या दोन दिवस आधी रिलायन्सच्या चित्रपट कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयातून 'जॉन डो' आदेश मिळविला. प्रतिवादी कोण हे ठाऊक नसताना अज्ञात व्यक्तींविरुद्ध घेतलेला मनाई हुकूम तो जॉन डो आदेश; भारतीय न्यायालयांत या अज्ञात इसमाला 'अशोक कुमार' असेही नाव दिले जाते. हा आदेश हाती येताच त्याच उद्योगसमूहाच्या इंटरनेट कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी फाइल साठविणारी अनेक संकेतस्थळे संपूर्ण बंद केली. त्यांवर 'सिंघम' होता की नाही हा प्रश्न गौण ठरला. चित्रपटाचा मालक आणि इंटरनेटच्या नळाचा मालक एकाच समूहातील असले की न्यायालयाच्या सर्वसाधारण आदेशाचा अर्थ कोण लावतो, याचा हा वस्तुपाठ होता.

याच सुमारास अमेरिकेत 'स्टॉप ऑनलाइन पायरसी अॅक्ट' हे विधेयक २६ ऑक्टोबर २०११ रोजी प्रतिनिधीगृहात मांडले गेले. आद्याक्षरांनी त्याचे नाव 'सोपा' झाले. ते सोपे मात्र नव्हते. परदेशी संकेतस्थळांचे पत्ते इंटरनेट पुरवठादारांनी रोखावेत, शोधयंत्रांनी त्यांचे दुवे वगळावेत, पैसे देणाऱ्या व जाहिराती पुरविणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्याशी संबंध तोडावेत, अशी त्याची रचना होती. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया चोवीस तास बंद ठेवण्यात आला आणि दोनच दिवसांत हे विधेयक व सिनेटमधील त्याचे जुळे विधेयक 'पीपा' ही दोन्ही बाजूला ठेवली गेली.

भारतात असे विधेयक मांडलेच गेले नाही. म्हणून त्यावर संसदेत वाद झाला नाही. जे तेथे कायद्याने होऊ शकले नाही ते येथे दिवाणी प्रक्रिया संहितेतील मनाई हुकुमाने होत गेले. २०१२ मध्ये तमिळ चित्रपट '३' च्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून मिळविलेल्या आदेशानंतर व्हिमिओसारखी, स्वतंत्र चित्रकर्मी आपले काम ठेवतात अशी संकेतस्थळेही अनेक पुरवठादारांनी बंद केली. त्याविरुद्ध ९ जून २०१२ रोजी मुंबईसह काही शहरांत तरुणांनी मुखवटे घालून निदर्शने केली. त्याच महिन्यात न्यायालयाने आपला आदेश केवळ विशिष्ट दुव्यांपुरता असल्याचे स्पष्ट केले. योगायोग असा की, स्वामित्वहक्क कायद्याची २०१२ ची दुरुस्तीही २१ जून रोजी त्याच दिवसांत अंमलात आली. तिच्यातील कलम ५२(१)(सी) मध्ये एक समतोल आहे : हक्कधारकाची तक्रार आल्यावर मध्यस्थाने दुवा एकवीस दिवस रोखावा; त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. तक्रार करणाऱ्यावर न्यायालयात जाण्याचा भार टाकणारी ही तरतूद पुढे फारशी चर्चेत राहिली नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने विचारलेला प्रश्न :

जुलै २०१६ मध्ये इरॉस इंटरनॅशनल ही कंपनी 'ढिशूम' या चित्रपटासाठी मुंबई उच्च न्यायालयात आली. चित्रपट २९ जुलैला लागणार होता. मागणी नेहमीचीच होती : सोबत जोडलेल्या यादीतील संकेतस्थळे बंद करावीत. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ती मान्य करण्याआधी यादी कोणी तपासली, असे विचारले. संपूर्ण संकेतस्थळ बंद करावयाचे असेल तर त्यावरील सर्व मजकूर बेकायदा आहे हे वादीने दाखविले पाहिजे, अन्यथा विशिष्ट दुवाच रोखता येईल, ही त्यांची भूमिका होती. 'ग्रेट ग्रँड मस्ती' या चित्रपटाच्या प्रकरणातही त्यांनी याच काळात तीच भूमिका घेतली होती. अखेर इरॉसने तीन टप्प्यांत तपासणी केली. बाहेरच्या संस्थेने दुवे शोधले, कंपनीच्या अधिकाऱ्याने ते पडताळले आणि वकिलांनी पुन्हा पाहिले. तसे शपथपत्र दाखल झाल्यानंतर शंभराहून अधिक विशिष्ट दुव्यांपुरता आदेश मिळाला.

येथवरचा भाग वकिलांच्या आस्थेचा म्हणता येईल. पुढचा भाग सामान्य माणसाशी संबंधित आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये बंद केलेला दुवा उघडू पाहणाऱ्यांना पडद्यावर एक इशारा दिसू लागला. अशा दुव्यावरील मजकूर पाहणे, उतरवून घेणे, दाखविणे किंवा त्याची प्रत काढणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सअॅपवरून ही वार्ता पसरली आणि एखादे टोरंट संकेतस्थळ नुसते उघडले तरी तुरुंगात जावे लागेल अशी समजूत झाली. ३० ऑगस्टच्या आदेशात न्यायमूर्ती पटेल यांनी हा संदेश चुकीचा ठरविला. नुसते पाहणे हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय हक्कधारकाला बाधक असे वितरण, सार्वजनिक प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. दुवा कोणत्या आदेशाने रोखला गेला आणि चुकून रोखला गेला असल्यास दाद कोठे मागावी, हेही त्या संदेशात असले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता.

इशाऱ्याचे शब्द कोणा सेवा पुरवठादाराच्या कार्यालयात लिहिले गेले असतील. पण ते वाचणाऱ्याला तो कायदाच वाटतो. ज्या कृत्याला विधिमंडळाने गुन्हा म्हटलेले नाही ते कृत्य लक्षावधी लोकांना गुन्हा म्हणून सांगितले गेले, आणि ते दुरुस्त करण्यासाठी एका न्यायाधीशाला वेळ द्यावा लागला. टोरंटचे तंत्र मात्र येथेही गुंता वाढविते. त्यात फाइल घेणारा आपोआप देणाराही होत असल्याने 'मी फक्त पाहत होतो' हा बचाव तेथे तितकासा सोपा राहत नाही.

सूक्ष्म आदेश आणि बदललेले तंत्र :

विशिष्ट दुवाच रोखावा हा विचार न्यायाच्या दृष्टीने योग्य असला तरी तंत्राने त्याला लवकरच मागे टाकले. इंटरनेटवरील संभाषण सांकेतिक करणारी 'एचटीटीपीएस' पद्धत त्याच सुमारास सर्वत्र पसरली. या पद्धतीत ग्राहक कोणत्या संकेतस्थळावर गेला एवढे पुरवठादाराला कळू शकते. त्यातील कोणते पान उघडले हे कळत नाही. पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. परिणामी पुरवठादारापुढे संपूर्ण संकेतस्थळ रोखणे किंवा काहीच न रोखणे एवढेच दोन पर्याय उरतात.

१० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने 'यूटीव्ही' विरुद्ध काही टोरंट संकेतस्थळे या दाव्यात वेगळी वाट घेतली. जी संकेतस्थळे मुख्यतः उल्लंघनावरच चालतात ती कोणती हे ठरविण्याच्या कसोट्या न्यायालयाने दिल्या. त्याचबरोबर अशा संकेतस्थळाने नवे नाव धारण केल्यास नवा दावा न करता सहनिबंधकांकडे अर्ज करून आदेश त्यालाही लागू करून घेण्याची सोय केली. यालाच गतिमान मनाई हुकूम म्हणतात. ९ ऑगस्ट २०२३ च्या एका आदेशात हॉलीवूडच्या चित्रपटसंस्थांना अद्याप निर्माण न झालेल्या कलाकृतींसाठीही असे संरक्षण मिळाले. नाव बदलून पळणाऱ्यांचा पाठलाग करण्यास हे आदेश उपयुक्त आहेत, हे मान्य करावे लागेल. मात्र यादी कोणी तपासली, हा २०१६ चा प्रश्न प्रत्येक नव्या नावाच्या वेळी पुन्हा न्यायाधीशांसमोर येत नाही.

या आदेशांची व्याप्ती चित्रपटांपुरती राहिलेली नाही, हे महाविद्यालयीन अध्यापकांना जवळून जाणवणारे आहे. एल्सव्हिअर, वाइली व अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये सायहब या संशोधनलेखांच्या संकेतस्थळाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश झाला. २०१६ मध्ये याच न्यायालयाने दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या दुकानाच्या दाव्यात शिक्षणासाठी पाठ्यसंचाच्या प्रती काढण्यास कायद्यात वाव असल्याचे म्हटले होते. कागदावरच्या प्रतीला मिळालेली ही सवलत पडद्यावरच्या प्रतीला कितपत लागू होते, याचा निवाडा सायहबच्या दाव्यात व्हावा अशी अनेक अभ्यासकांची अपेक्षा होती. केंद्र शासनाची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून केंद्र व राज्य शासनांच्या अखत्यारीतील संस्थांना तिचा लाभ आहे. तिच्या बाहेर असलेल्या महाविद्यालयांतील संशोधक विद्यार्थ्यापुढे लेखकाला पत्र लिहून प्रत मागविणे हा जुनाच मार्ग आहे.

मराठी निर्माता आणि २०२३ ची दुरुस्ती :

येथवर ज्या वादींची नावे आली ते सर्व मोठे समूह आहेत, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. पायरसीचा घाव मात्र छोट्या निर्मात्याला अधिक खोल लागतो. हिंदी चित्रपटाला परदेशातील प्रदर्शन, उपग्रह वाहिन्या, संगीत अशी अनेक उत्पन्नांची साधने असतात. मराठी चित्रपटाचे भवितव्य बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतील तिकीटविक्रीवर ठरते. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'च्या अनधिकृत प्रती, चित्रपटगृहांत गर्दी असतानाच, मोबाईलवरून फिरू लागल्या. तरीही त्या चित्रपटाने सुमारे शंभर कोटी रुपयांचा व्यवसाय केला. यावरून पायरसीने नुकसान होत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. 'सैराट'मागे झीसारखा समूह होता आणि प्रेक्षक तो पुन्हा पुन्हा पाहत होते. ज्या चित्रपटाला तालुक्याच्या गावी एकच खेळ मिळतो, तोही दुपारचा, त्याची प्रत पहिल्याच दिवशी फुटली तर दुसरा आठवडा येतच नाही. असा निर्माता उच्च न्यायालयात जॉन डो आदेश मागण्याचा खर्च करू शकत नाही. महाराष्ट्रात २०१७ मध्ये पोलिसांच्या सायबर विभागात मनोरंजन उद्योगाच्या सहभागाने स्वतंत्र कक्ष सुरू झाला. पण तेथेही पाठपुरावा करण्याचे बळ संघटित उद्योगाकडेच अधिक असते.

या दृष्टीने चलचित्र अधिनियमाची २०२३ ची दुरुस्ती महत्त्वाची आहे. ४ ऑगस्ट २०२३ रोजी तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. चित्रपटगृहात अनधिकृत चित्रण करणे (कलम ६-एए) आणि अशी प्रत लाभासाठी दाखविणे (कलम ६-एबी) यांस किमान तीन महिने, कमाल तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. दंडाची कमाल मर्यादा चित्रपटाच्या लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्के आहे. चार कोटींच्या मराठी चित्रपटासाठी ही मर्यादा वीस लाख रुपये होते, तर दोनशे कोटींच्या चित्रपटासाठी दहा कोटी. कृत्य एकच, त्याच खुर्चीत बसून त्याच मोबाईलने केलेले. दंड मात्र निर्मात्याच्या खर्चावर ठरणार. ज्याचे भांडवल थोडे त्याच्या चित्रपटाची चोरी स्वस्त, असाही याचा अर्थ होतो.

त्याहून दूरगामी तरतूद पुढे आहे. कलम ७ मध्ये मध्यस्थांवरील अशा प्रतींविरुद्ध कारवाई करण्याचा अधिकार केंद्र शासनाला दिला गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यासाठी मंत्रालयात व परिनिरीक्षण मंडळाच्या कार्यालयांत नोडल अधिकारी नेमले. हक्कधारकाने थेट त्यांच्याकडे अर्ज करावा आणि त्यांच्या निर्देशानंतर अठ्ठेचाळीस तासांत तो मजकूर हटविला जावा, अशी ही व्यवस्था आहे. अर्जदार स्वतः हक्कधारक नसेल तर अधिकाऱ्याला प्रकरणपरत्वे सुनावणी घेता येते. वकिलाच्या शुल्काशिवाय दाद मागता येणे ही छोट्या निर्मात्याच्या दृष्टीने खरी सोय आहे, आणि तिचा उपयोग मराठी निर्मात्यांनी करून घेतला पाहिजे. परंतु अमेरिकेत 'सोपा'ला विरोध झाला तो ज्या अधिकारांमुळे, त्यांतील एक भाग येथे शासकीय अधिकाऱ्याच्या हाती आला आहे. कलम ५२(१)(सी) मधील एकवीस दिवसांच्या मुदतीसारखी, वादीला न्यायालयात आणून उभे करणारी अट या नव्या कलमांत नाही.

न्यायमूर्ती पटेल यांनी ज्याचे शब्द दुरुस्त करविले तो इशारा आता बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण सांकेतिक जोडणीत पुरवठादाराला स्वतःचे पान मध्ये घालता येत नाही. बेलापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने बंद केलेले संकेतस्थळ उघडले तर पडद्यावर ते उपलब्ध होत नाही एवढेच येते. गावात जाळे क्षीण आहे, संकेतस्थळच बंद पडले आहे, की कोणाच्या आदेशाने ते रोखले आहे, हे त्याला त्यावरून समजत नाही. आणि ते चुकून रोखले गेले असेल तर कोणाला लिहावयाचे, तो पत्ताही त्या पानावर नसतो.